एकेरी रस्त्यावरची पळी

मित्रांनो, माझ्याकडे पाहून तुम्ही म्हणाल, ही तर एक जुनी पितळी पळी. दांडा वाकलेला, वाटीला दोन पोचे. तुमचे काही चुकत नाही. पण गेल्या तीस वर्षांत मी कुणाच्या ताटात काहीही वाढलेले नाही, आणि तरीही माझ्यावाचून एका अख्ख्या गावाचे पान हलत नव्हते. विश्वास बसत नाही ना? पहिल्यांदा कुणाचाच बसत नसे.

एका तांबटाने मला घडवले. त्याने ठोकून ठोकून माझी वाटी खोलगट केली आणि दांड्याचे टोक वाकवून आकडा केला. दुकानाच्या दाराशी तो मला टांगून ठेवायचा. समोरून रस्ता जायचा. येणाऱ्याजाणाऱ्यांकडे पाहून मला एकच प्रश्न पडायचा, ही माणसे जातात तरी कुठे? माझ्या शेजारचा झारा म्हणायचा, तुला काय करायचे आहे? पण काही जणींचा स्वभावच चौकस असतो, त्याला इलाज नाही.

मला ज्या बाईने विकत घेतले, तिला सगळे मावशी म्हणत. डोंगराच्या माथ्यावर तिची छोटी खाणावळ होती. चार बाकडी, एक शेगडी आणि खिडकीतून दिसणारी दरी. मोठा डांबरी रस्ता तिथे संपायचा आणि पुढे एक चिंचोळा रस्ता कड्याला चिकटून खालच्या गावात उतरायचा. चार किलोमीटर, सात वळणे. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. एका वेळी एकच गाडी जाईल एवढीच रुंदी.

एक दिवस चौथ्या वळणावर दुधाचा टेम्पो आणि विटांचा ट्रक समोरासमोर आले. टेम्पो वर चढत होता, ट्रक खाली उतरत होता. दोघेही हटून बसले. मागे कोण जाणार? सकाळची दुपार झाली, दूध नासले, पण कुणी मागे सरकेना. शेवटी मावशी वाढता वाढता हातातल्या माझ्यासकट तरातरा चालत गेली आणि दोघांच्या मध्ये उभी राहिली.

"ट्रकदादा, तुम्ही मागे घ्या. तुमच्या विटा नासत नाहीत," ती म्हणाली. "आणि आजपासून ज्याच्या हातात ही पळी, त्यानंच या रस्त्यावर यायचं. बाकीच्यांनी माझ्याकडे बसून जेवायचं."

ती चिडून बोलली होती, पण लोकांना ते पटले. दुसऱ्या दिवशी खाणावळीसमोर एक खांब रोवला गेला, त्याला खुंटी ठोकली गेली आणि तिच्यावर मला टांगले गेले. खाली गावाच्या तोंडाशी शिंपीकाकांचे दुकान होते, तिथे भिंतीवर माझ्यासाठी एक खिळा आला. खांबावर पाटी लागली, 'पळी घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. खाली पोचताच शिंप्याच्या खिळ्याला टांगावी. वर पोचताच या खुंटीला टांगावी. विसरू नये.' मावशीला कुणीतरी सुचवले होते की दोन पळ्या ठेवू, सोय होईल. ती म्हणाली, "दोन पळ्या म्हणजे दोन गाड्या. मग भांडा पुन्हा." त्यामुळे मी एकटीच राहिले, आणि खरे सांगते, मला त्याचा जरा गर्वही होता.

आता मी वर असले आणि गाडी खाली असली, तर काय करायचे? तर डोंगरातून एक सरळ पायवाट होती, वीस मिनिटांची चढण. जो पायी येऊन मला घेऊन जाईल, त्याचे पाय दुखणार. म्हणून गावाने पाळी लावली. गावात घरे बरोबर एकतीस. एकेका घराला महिन्यातली एकेक तारीख मिळाली. त्या तारखेला पळीची ने-आण त्या घराने करायची. गाडीवाल्याने तीन हॉर्न दिले की त्या घरचे माणूस निघालेच म्हणून समजा. एकतिसाव्या घराची चैन होती. त्यांची पाळी दर महिन्याला येत नसे, आणि बाकीचे त्यावरून त्यांना अजून टोमणे मारतात.

हळूहळू घरांचे जुने नंबर लोक विसरले. घर म्हणजे तारीख आणि माणसेही तारखेची. "सात तारखेच्या काकूंनी लोणी पाठवलंय." "वीस तारखेची मुलगी तीन तारखेकडे दिली." बाहेरून आलेल्या एका पाहुण्याला कुणीतरी सांगितले, "पंचवीस तारीख आजारी आहे हो," तेव्हा त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले होते.

या रस्त्याचे सौंदर्य पाहायला लांबून लोक गाड्या घेऊन येत. मला पाहून थांबत, पाटी वाचत, एकमेकांकडे बघत. कुणी हसत, कुणी माझा फोटो काढत. एक जण मला न घेताच ऐटीत निघाला आणि सहाव्या वळणावरून उलटा आला, तेव्हा निम्मे गाव त्याला मागे-मागे करायला हाताने खुणा करत होते. मी मात्र गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचे बोलणे कान देऊन ऐकत असे. ते समुद्राबद्दल बोलत, पुलांबद्दल, मोठ्या शहरांबद्दल. माझे सगळे जग चार किलोमीटरचे. वरच्या खुंटीच्या पुढे काय आहे, हे मी कधीच पाहिले नव्हते. मनात यायचे, एकदा तरी कुणी मला पुढे न्यावे.

मित्रांनो, असे मनात आणताना जरा जपून.

त्या दिवशी सतरा तारीख होती. सकाळी एक छोटी हिरवी गाडी खुंटीशी थांबली. आत दोन बहिणी होत्या, दोघींचेही केस पिकलेले. थोरली गाडी चालवत होती. धाकटीच्या मांडीवर वही होती, गळ्यात कॅमेरा होता आणि तोंडात सतत प्रश्न होते. मला ती पाहताक्षणी आवडली.

"अगं, पळी घेऊन जायचं म्हणे! का बरं?" धाकटी म्हणाली.

"पाटी वाच. कळेल," थोरली म्हणाली.

खाली गावात दोघी भर दुपारपर्यंत हिंडल्या. मी शिंपीकाकांच्या खिळ्यावर होते, पण धाकटी दर थोड्या वेळाने तिथे येऊन काहीतरी विचारायची, त्यामुळे मला सगळे कळत होते. दारांवर तारखा का रंगवल्या आहेत? एकतीस तारखेच्या दाराला दोन कुलपे का? तीस तारखेचे लोक फेब्रुवारीत काय करतात? शिंपीकाका मशीन थांबवून प्रत्येक प्रश्नाचे उत्तर देत होते. दिवसभरात त्यांच्याकडून एक बाही पूर्ण झाली नाही.

निघायच्या वेळी अकरा तारखेची सून तिथे आली. तिचे दिवस भरत आले होते. एक हात कमरेवर ठेवून ती हळूहळू चालत होती. दोघी बहिणींनी सकाळी तिच्याच ओट्यावर बसून चहा घेतला होता. शिंपीकाकांनी मला खिळ्यावरून काढून थोरलीच्या हातात दिले.

"वर गेल्यावर लगेच टांगा हं," सून म्हणाली. "दुपारी नर्सबाई जीप घेऊन यायच्यात. सकाळपासून मला काही ठीक वाटत नाहीये."

"तू काळजीच करू नकोस. पोचल्या पोचल्या टांगते," थोरली म्हणाली.

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले आहे.

गाडी चढू लागली. सातवे वळण पार केले आणि ढग बाजूला झाले. सगळी दरी एकदम उघडली. खाली नदी, तिच्या काठाने झाडे, गावाची एकतीस छपरे. धाकटी ओरडली, "थांब, थांब, फोटो!" दोघी उतरल्या. थोरलीने मला मागच्या सीटवर ठेवले. परत येताना धाकटीला ऊन लागले म्हणून तिने खांद्यावरची शाल काढून मागे टाकली. ती नेमकी माझ्यावर पडली.

वर खाणावळीसमोर सहलीची एक मोठी बस उभी होती. तिच्याआड माझा खांब दिसतच नव्हता. मावशी चाळीस माणसांना वाढण्यात गुंतली होती. हिरवी गाडी बसला वळसा घालून निघाली, आणि मी खुंटीच्या पुढे गेले.

खोटे कशाला बोलू? पहिली काही मिनिटे मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शालीच्या झिरमिळ्यांमधून मी पाहत होते. एवढा रुंद रस्ता की दोन ट्रक शेजारून जात होते आणि कुणी कुणावर डोळे वटारत नव्हते. एक पूल पाहिला. एक मोठे गाव पाहिले, तिथे चौकात खांबाला रंगीत दिवे होते. लाल दिवा लागला आणि सगळ्या गाड्या थांबल्या. समोरचा रस्ता मोकळा होता, तरी थांबल्या. म्हणजे इथे माझे काम दिवे करत होते तर! मला फार नवल वाटले. आणि त्याच क्षणी आठवले की माझे काम आत्ता कुणीच करत नाही.

मी खुंटीवर नाही, खिळ्यावर नाही. जीप येईल, नर्सबाई तीन हॉर्न देतील. सतरा तारखेचे कुणीतरी खिळ्याकडे धावेल. पण त्यांना देणार काय? मला वाटले, जोरात खणखणावे. पण मऊ सीटवर शालीखाली पितळेचा आवाज येतो कुठे?

तळ्याकाठी गाडी थांबली. वारा सुटला होता. धाकटीने शाल ओढली आणि मी सीटवरून घरंगळून धाडकन खाली पडले. माझ्या वाटीचा दुसरा पोचा तेव्हाचा.

दोघी माझ्याकडे बघतच राहिल्या.

"ताई," धाकटी हळूच म्हणाली, "आपण हिला..."

"बस गाडीत," थोरली म्हणाली.

"खाणावळीचा फोन नंबर कुणाकडे असेल का गं?"

"असता तरी फोनवरून पळी जाते का? बस."

सत्तर किलोमीटर परत. तोच पूल, तीच झाडे, तेच डोंगर. पण आता कुणी खिडकीबाहेर पाहत नव्हते. धाकटीने वही मिटली होती आणि मला दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. तिला एकही प्रश्न पडत नव्हता. थोरली मधूनमधून एवढेच म्हणत होती, "ती मला सांगत होती. लगेच टांगा म्हणून सांगत होती."

वर पोचलो तेव्हा ऊन कलले होते. बस गेली होती. खाणावळीत चिटपाखरू नव्हते. जीप दिसत नव्हती. शेगडी मात्र पेटलेली होती आणि पातेल्यातले पाणी उकळून उकळून तळाला गेले होते.

धाकटी पुन्हा गाडीकडे धावली. "चल ताई, खाली जाऊन देऊन टाकू! पळी आपल्याच हातात आहे. म्हणजे आपल्याला जाता येतं."

मित्रांनो, नियमाने ती बरोबर होती. ज्याच्या हातात पळी, त्याचा रस्ता. थोरलीने मला उचलले, गाडीपर्यंत गेली, दारही उघडले. मग ती थबकली. तिने मागे वळून त्या पेटत्या शेगडीकडे पाहिले.

"नाही," ती म्हणाली. "मी तिला सांगितलं होतं, टांगते. आधी टांगते."

"आणि मग?"

"मग थांबू. ही बाई शेगडी पेटती टाकून जाणारी नाही. काहीतरी झालंय."

तिने मला खुंटीवर टांगले आणि शेगडी बंद केली. आम्ही तिघी त्या रिकाम्या रस्त्याकडे पाहत उभ्या राहिलो. धाकटी दोनदा म्हणाली, "अजून किती थांबायचं?"

आणि मग खालून आवाज आला. ठण, ठण, ठण. कुणीतरी ताट वाजवत होते. आवाज एका वळणावर दबायचा, दुसऱ्या वळणावर मोठा व्हायचा. सातव्या वळणाच्या खडकाआडून आधी मावशी आली. अनवाणी, पदर खोचलेला, कपाळावरून घाम निथळत होता. एका हातात स्टीलचे ताट आणि दुसऱ्या हातात भाताचा मोठा चमचा. तिच्या मागून माणसाच्या चालीने जीप येत होती. मागच्या सीटवर अकरा तारखेची सून आडवी झाली होती आणि तिचा हात नर्सबाईंच्या हातात होता.

हिरवी गाडी त्या वेळी वळणावर असती तर काय झाले असते, ते थोरलीला कळले.

मावशी बाजूला झाली. "आता सुटा," ती जीपवाल्याला म्हणाली. जीप माझ्यासमोरून गेली. जाताना सुनेने मान वळवून खुंटीकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग होता की दुखणे होते, मला कळले नाही. मी इतकी ओशाळले होते की माझ्याने तिच्याकडे पाहवेना.

मागे काय झाले, ते मावशीने सांगितले. जीप वेळेवर आली होती. खुंटीवर मी नव्हते. तीन हॉर्न दिले. सतरा तारखेचे दादा खिळ्याकडे गेले, तिथेही मी नव्हते. ते पायवाटेने वर आले. पळी वर नाही, पळी खाली नाही, म्हणजे ती घेऊन कुणीतरी रस्त्यावर असणार. दुसरा विचार कुणाच्या मनातच आला नाही. इतक्या वर्षांची सवय! सगळे तासभर बसून राहिले, आत्ता येईल गाडी म्हणून. शेवटी नर्सबाई पिशवी घेऊन दादांबरोबर पायवाटेने उतरल्या आणि दादांना निरोप देऊन वर पाठवले, जीप खाली आणा, हिला दवाखान्यात न्यावेच लागेल. तरी जीपवाला हलेना. पळीशिवाय कसा जाऊ, म्हणाला. समोरून कुणी आले तर?

"मग मी म्हटलं, नियम मी केलाय, मीच मोडते," मावशी म्हणाली. "पण लोक मरू नयेत म्हणून केला होता ना तो? मग प्रत्येक वळणावर आधी मी जाणार, मागून तू. चार किलोमीटर खाली आणि चार वर."

मावशी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती.

थोरली तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. "पळी आम्ही नेली होती. चुकून. शालीखाली राहिली."

मावशीने पदराने कपाळ पुसले. "परत कुठून आलात?"

"तळ्यापासून."

"जेवला असाल तिथं?"

"नाही."

"मग भांडी घासायला लागा. मी जरा पाय पसरते. नंतर बघू जेवणाचं."

मित्रांनो, त्या दोघी पुढे गेल्याच नाहीत. दवाखान्यातून काही कळेपर्यंत इथून हलणार नाही, असे थोरलीने ठरवले. मावशीच्या पायांना फोड आले होते, म्हणून या दोघींनीच खाणावळ चालवली. थोरलीला भाजी नीट जमायची नाही आणि धाकटी गिऱ्हाइकांना इतके प्रश्न विचारायची की त्यांचे जेवण गार व्हायचे. एकदोघांनी तिच्या हातात मला पाहून विचारले, ही पळी वाढायला का घेत नाही? ती तेवढे एकच उत्तर फार थोडक्यात द्यायची. रोज सकाळी ती चिंच लावून मला घासायची आणि पुन्हा खुंटीवर टांगून मी नीट बसले आहे ना, हे हाताने चाचपायची. माझ्यासाठी ते तीन दिवस तीन वर्षांचे होते.

चौथ्या दिवशी दुपारी जीप आली. नर्सबाई पुढे होत्या. मागे अकरा तारखेची सून, आणि तिच्या मांडीवर पांढऱ्या कापडात गुंडाळलेले काहीतरी. ते काहीतरी रडले, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"मुलगी," नर्सबाई म्हणाल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर मी आज हे सांगायला आले नसते."

थोरली जीपजवळ गेली. तिने आपले दोन्ही हात नुसते जोडले. सुनेने तिच्याकडे पाहिले, मग खुंटीवरच्या माझ्याकडे पाहिले.

"काढा ती," सून म्हणाली.

थोरलीने मला काढले आणि तिच्यासमोर धरले. सुनेने मला घेतले नाही.

"तुमच्याच हातात असू द्या. जीपच्या पुढच्या सीटवर बसा. तुम्हीच घेऊन चला आम्हाला," ती म्हणाली. "खाली गेल्यावर लगेच टांगा हं."

सात वळणे थोरली मला छातीशी धरून बसली होती. तिने बाहेर एकदाही पाहिले नाही. शिंपीकाकांच्या दाराशी जीप थांबायच्या आत ती उतरली आणि तिने मला खिळ्याला टांगले. मगच ती रडली.

पुढे त्या पाटीवर मावशीने एक ओळ वाढवून घेतली, 'पळी नसल्यास माणसाने पुढे चालावे.' मला ते वाचून आधी वाईट वाटले. मग वाटले, बरोबर आहे. मी नुसती पितळेची. रस्ता सुरक्षित होता तो मी टांगलेली होते म्हणून नव्हता. एकजण दुसऱ्यासाठी थांबत होता, म्हणून होता.

दोन वर्षांपूर्वी कडा फोडून रस्ता रुंद झाला. आता दोन गाड्या सहज जातात. मावशी नाही. खाणावळ तिची भाची चालवते आणि मी आत भिंतीवर असते. माझ्यावर धूळ बसते, महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. पण खिडकीतून मला खांब दिसतो. गावातली प्रत्येक गाडी अजून त्या रिकाम्या खुंटीशी क्षणभर थांबते, खालून कुणी येते आहे का ते पाहते आणि मगच निघते. बाहेरचे लोक विचारतात, इथे का थांबलात? गावकरी म्हणतात, सवय आहे.

बाळांनो, घरात कुणीतरी तुम्हाला रोज सांगत असेल, घेतलेली वस्तू जागेवर ठेव. तुम्हाला कटकट वाटत असेल. पण ती वस्तू कुणाच्या वाटेवर टांगलेली आहे, हे तुम्हाला ठाऊक नसते. मलाही ठाऊक नव्हते. आता दर अकरा तारखेला एक मुलगी त्या पायवाटेने वर येते, मला भिंतीवरून काढते, ओल्या फडक्याने पुसते आणि परत टांगते. टांगून झाल्यावर, मी नीट बसले आहे ना, ते हाताने चाचपून पाहते.